व्यापार करारानं सोयाबीनचा भाव पडतो का? लातूरच्या बाजारातून दिसतं ते सांगतो

प्रश्न विचारणारे भाऊ उदगीरकडचे आहेत, घरी सोयाबीन आणि तूर, स्वतः पुण्यात नोकरीला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सरकार म्हणतं आम्ही करारात शेती वाचवली, विरोधक म्हणतात शेतकरी विकला, दोघंही सारख्याच जोरात बोलायलेत, मग सोयाबीनला हमीभाव मिळत नाही तो या फ्री ट्रेडमुळंच का, आणि नवीन करार आला की त्यात नेमकं बघायचं कुठं. जाता जाता हेही विचारलंय की घरात पडलेला माल विकू का ठेवू.

मी लातूरला धान्य-तेलबियांची दलाली करतो, त्याआधी डाळमिलमध्ये खरेदी बघायचो, आणि अलीकडं काही शेतकरी कंपन्यांची निर्यातीची कागदपत्रं करून देतो. त्यामुळं जे सांगणार ते माल आणि कागद बघून, पुस्तक वाचून नाही. कुठल्या पार्टीचा मी नाही, पण मत आहे आणि ते लपवणार पण नाही.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, आणि ही मिसळ टीव्हीवाले मुद्दाम करतात का न कळून ते मला माहीत नाही. एक असतो करार, म्हणजे दोन देशांनी सही करून एकमेकांना दिलेला शब्द. दुसरं असतं नोटिफिकेशन, म्हणजे दिल्लीत अर्थ नाहीतर वाणिज्य खात्यानं काढलेला कागद, ज्याला ना दुसऱ्या कुठल्या देशाची सही लागते ना महिनोन्‌महिने बोलणी, संध्याकाळी निघतो आणि सकाळच्या सौद्यात लागू. तुमच्या सोयाबीनला गेल्या काही वर्षांत जो मार बसलाय त्यातला बराच या दुसऱ्या कागदाचा आहे.

आता बघा, १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून २० टक्के केली, सेस-बिस धरून ती साडेसत्तावीस झाली. समोर राज्यात विधानसभा होती, सोयाबीनवाला चिडलेला होता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. निवडणूक झाली, महागाईची ओरड सुरू झाली, आणि ३० मे २०२५ ला तीच ड्युटी २० वरून १० वर आली. पेरणीच्या तोंडावर. यात करार कुठंच नाही, सोयातेल आपल्याला मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलकडून येतं आणि त्यांच्याशी आपला मुक्त व्यापार करार म्हणावा असा काही नाही, त्यांच्या मर्कोसुर गटाशी २००९ पासून एक छोटा सवलतीचा करार आहे तेवढाच.

तुरीचं तर विचारूच नका. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. मोझांबिकशी २०१६ मध्ये समझोता केला, तो पुढं वर्षाला दोन लाख टनांपर्यंत गेला, म्यानमार आणि मलावीशी २०२१ मध्ये, हे पण मुक्त व्यापार करार नव्हेत, सरकारनं सरकारला दिलेली हमी आहे, आणि गंमत म्हणजे मोझांबिकच्या शेतकऱ्याला पुढच्या पाच वर्षांची खात्री मिळते आणि औश्याच्या शेतकऱ्याला पुढच्या पाच महिन्यांची मिळत नाही. वरून डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा बिनाड्युटी. तो बेसनात जातो, हॉटेलच्या डाळीत जातो, तुरीची नि हरभऱ्याची जागा खातो. ३० टक्के ड्युटी लागली ती १ नोव्हेंबर २०२५ पासून, तोपर्यंत जहाजं येऊन रिकामी पण झाली होती. कापसाचं तेच, ११ टक्के ड्युटी होती, अमेरिकेनं आपल्या मालावर टॅरिफ लावलं, कपड्यावाल्यांचा धंदा अडचणीत आला, तर ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरची ड्युटी काढून टाकली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे बीड-जालना-परभणीत वेचणी जोरात असताना. भांडण वॉशिंग्टनशी आणि भाव पडला माजलगावला.

मग करार म्हणजे नुसता बागुलबुवा का? तसं पण नाही. करारात असं काही असतं जे नोटिफिकेशनमध्ये नसतं, ते म्हणजे परत फिरायची वाट बंद होते. नोटिफिकेशन वाईट असलं तर आंदोलन करा, निवडणुकीत हिसका दाखवा, ते बदलतं, २०२४ ला बदललंच की. करारात ड्युटी एकदा बांधून दिली की पुढच्या सरकारचे हात पण बांधले. जुनं उदाहरण देतो. जागतिक व्यापार संघटनेत आपण पामतेलाची कमाल ड्युटी ३०० टक्क्यांपर्यंत बांधून घेतलीय पण सोयातेलाची फक्त ४५ टक्के. म्हणजे उद्या लातूरचा माणूस अर्थमंत्री झाला तरी सोयातेलावर ४५ च्या वर त्याला जाता येत नाही.

दुसरं उदाहरण मलेशियाचं. २०११ च्या करारात ठरल्याप्रमाणं १ जानेवारी २०१९ पासून मलेशियाच्या रिफाइंड पामतेलाला ४५ टक्के ड्युटी आणि बाकीच्यांना ५०. फरक किती, पाच टक्के. पण तेलाच्या धंद्यात पाच टक्के म्हणजे आख्खं मार्जिन. तयार तेलाचा लोंढा सुरू झाला, इथले रिफायनरीवाले ओरडले, मग सप्टेंबरमध्ये १८० दिवसांसाठी पाच टक्के जादा ड्युटी लावून तो फरक भरून काढला. आणि जानेवारी २०२० मध्ये मलेशियाच्या पंतप्रधानांच्या काश्मीरवरच्या बोलण्यानंतर रिफाइंड पामतेल थेट निर्बंधाच्या यादीत गेलं. यातून मी एक घेतलं की करार कितीही कायद्याच्या भाषेत लिहिलेला असू द्या, तो चालतो राजकारणावरच, पण ओरडणारा कोण आहे हे बघून चालतो. तेव्हा ओरडणारे रिफायनरीवाले होते, त्यांची संघटना आहे, दिल्लीत ऑफिस आहे, त्यांचं काम काही महिन्यांत झालं.

तिसरं, आणि हे मला कागदं करताना रोज दिसतं, माल कुठला हे सिद्ध करायचं प्रकरण. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. करारातली सवलत मिळते ती त्या देशात बनलेल्या मालाला. नेपाळमध्ये सोयाबीन पिकतं ते नावाला, पण तिथून रिफाइंड सोयातेल आपल्याकडं शून्य ड्युटीनं येतं, कारण कच्चं तेल बाहेरून नेपाळात जातं, तिथं रिफाइन होतं आणि नेपाळी होऊन सीमेवर उभं राहतं. सप्टेंबर २०२४ ला आपण ड्युटी वाढवली तसा हा धंदा एकदम फुगला, कारण ड्युटी जितकी जास्त तितका या वळशात नफा जास्त. आपल्या कस्टम्सनं २०२० पासून नियम कडक केलेत, आयातदाराला नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, त्या मालात तिथं किती किंमत वाढली, कच्चा माल कुठला, हे स्वतःकडं ठेवावं लागतं. कागदावर कडक आहे. पण पैशाला रस्ता शोधायला सांगावं लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडं येतो, भाव का पडतो. इथं जरा हिशोब करू, कारण हा हिशोब केल्याशिवाय सोयाबीनवर बोलणारे लै आहेत.

एक क्विंटल सोयाबीन प्लांटला गेलं की त्यातून ढोबळमानानं १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, ज्याला आम्ही डीओसी म्हणतो. समजा तेल १२० रुपये किलो आणि डीओसी ३२ रुपये, आकडे समजायला घेतलेत, रोजचे नाहीत. तेलाचे झाले २१६०, डीओसीचे २५६०, मिळून ४७२०. त्यातून प्लांटचा खर्च, भाडं, त्याचा नफा जाऊ द्या तीनशे, राहिले ४४०० च्या आसपास, तो तुम्हाला सौद्यात मिळणारा भाव, त्यात परत मॉइश्चर आणि माती-काडीची कपात वेगळी. आता ड्युटी वाढवून तेल किलोला दहा रुपयांनी चढलं तर क्विंटलमागं वाढले १८०. आणि त्याच वेळी डीओसी पाच रुपयांनी उतरली तर गेले ४००. कळलं का? आपण सगळे तेलाकडं बघत बसतो आणि सोयाबीनचा भाव ठरतो अर्ध्याहून जास्त पेंडीवर.

२०२४ ला नेमकं हेच झालं. ड्युटी वाढली, दुकानात तेल महागलं, बायकांनी शिव्या घातल्या, आणि सोयाबीन चार-साडेचार हजारात घुटमळत राहिलं, हमीभाव होता ४८९२. कारण जगात पेंडीचा भाव पडलेला, ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड स्वस्त, आपली जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याची, नसलेली म्हणून महाग, निर्यात होईना. आणि घरातल्या घरात अजून एक गोष्ट, इथेनॉलसाठी मका लागायला लागला, त्याचा चोथा म्हणजे डीडीजीएस कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला, सोयापेंडीची गिऱ्हाइकं तुटली. हे कुठल्या परदेशी कंपनीनं केलेलं नाही, आपल्याच धोरणानं केलंय. त्यामुळं कुणी सांगितलं की सगळं दुखणं अमक्या करारामुळं, तर त्याला विचारा पेंडीचं काय. बहुतेक गप्प बसेल.

ऑगस्ट २०२१ आठवतं का? सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, पोल्ट्रीवाले रडायले होते, सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि भाव खाली आला. जीएम दाणा आपल्याकडं आणायला परवानगी नाही, जीएमपासून काढलेलं तेल वर्षानुवर्षं येतंय, आणि पेंड गरज पडली की एकदा आणून झालीय. म्हणून पुढच्या कुठल्याही करारात, विशेष करून अमेरिकेशी, तेलापेक्षा मी पेंड आणि डीडीजीएस या दोन ओळी आधी वाचणार.

तुम्ही जागतिक भांडवलाचं पण विचारलंय, की या कंपन्यांपुढं आपलं काय चालणार. इथं मला लोकांचं एक गृहीत खटकतं, की एकीकडं भारत आणि दुसरीकडं परदेशी कंपनी. तसं राहिलंच नाही. एडीएम ही अमेरिकेतली धान्याची मोठी कंपनी, तिनं लातूरचा तेलाचा प्लांट कधीच घेतलाय. म्हणजे अशी कंपनी दोन्हीकडं असते, तिकडं दक्षिण अमेरिकेत घेते, इकडं आपला दाणा पण घेते. ड्युटी वाढली तर इथल्या गाळपात कमाई, कमी झाली तर आयातीत कमाई. मी हे दोष म्हणून सांगत नाही, धंदा आहे, रोख पैसे आणि वजन चोख मिळतं म्हणून शेतकरी पण प्लांटवर थेट माल घालतो. पण करारात कोण जिंकलं हे देशाच्या नावावरून ठरवायला गेलं की फसगत होते. दारूचं बघा. ब्रिटनच्या करारात, २४ जुलै २०२५ ला सही झाली, स्कॉचवरची ड्युटी १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० वर यायचीय. ओरड झाली की देशी दारूवाले मेले. पण इथल्या बऱ्याच व्हिस्कीत बाहेरून आणलेलं स्कॉच मिसळतात, त्यांना तर कच्चा माल स्वस्त झाला. जो माल वापरतो तो खूश, जो पिकवतो किंवा बनवतो तो नाराज, रेघ ही अशी पडते, आणि ती आपल्याच गावातून जाते. पोल्ट्रीवाला आणि सोयाबीनवाला शेजारी-शेजारी राहतात आणि दोघांना उलटा भाव पाहिजे असतो.

खरा फरक आहे तो जोखीम कुणाकडं राहते यात. मोठी कंपनी आज माल घेते आणि शिकागोच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायच्या बाजारात, त्याच मिनिटाला भाव बांधून टाकते. आपल्याकडं डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, का तर महागाई, आणि मग ते बंदच ठेवत गेले. वायद्यात सट्टा होतो हे मान्य. पण इथल्या शेतकरी कंपनीनं, छोट्या मिलनं भाव बांधायचा कुठं? माल घेऊन देव पाण्यात घालून बसायचं. ड्युटीचं नोटिफिकेशन आलं की पाच जहाजं समुद्रात असणारा माणूस पण हलतो, पण त्याच्याकडं वळायला जागा आहे, तुमच्याकडं चार पोत्यांची थप्पी आणि पीक कर्जाची तारीख आहे.

भांडवलाचं दुसरं अंग म्हणजे गुंतवणुकीचे करार, यावर कुणी बोलत नाही कारण त्यात पीक नाही. केर्न या ब्रिटनच्या तेल कंपनीवर सरकारनं मागच्या तारखेपासून कर लावला, तिनं ब्रिटनच्या गुंतवणूक कराराखाली आपल्यावर दावा लावला, डिसेंबर २०२० मध्ये १२० कोटी डॉलरचा निकाल आपल्या विरोधात गेला, जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आली, आणि ऑगस्टमध्ये संसदेनं तो मागच्या तारखेचा कर कायदाच बदलला. तो कर चुकीचाच होता असं माझं मत आहे, पण विचार करा, परदेशी कंपनीला देशाबाहेरच्या लवादात जाऊन सरकारला वाकवता येतं, आणि तुम्हाला रात्रीत ड्युटी काढली म्हणून कुठंच जाता येत नाही. केर्नच्या निकालाआधीच सरकारनं अशा दाव्यांवरून धडा घेऊन २०१५ मध्ये गुंतवणूक कराराचा नवा नमुना केला होता, आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टात जा मग बाहेर. यूएईशी २०२४ च्या करारात ती पाच वर्षं तीनवर आली. ही अशी कलमं हळूच बदलतात. उलट बाजूनं युरोपातल्या एफ्टा गटानं, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे, १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख रोजगाराची भाषा करारात लिहून दिलीय, करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. पण पैसा तिथल्या सरकारचा नसतो, कंपन्यांचा असतो, आणि कंपनी कुठं जाते ते रस्ता, पाणी, वीज, बंदर बघून. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला येईल, वाळूजला येईल. लातूर-उदगीरपर्यंत येईल का ते इथलं पाणी ठरवेल, करार नाही.

आता वाचतं कोण ते बघा, कारण राजकारण म्हणतात ते इथंच आहे. दूध अलीकडच्या जवळपास प्रत्येक करारातून वगळलं जातं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकला आपण आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो, त्यात न्यूझीलंडच्या दूध पावडरची भीती मोठी होती. पुढं न्यूझीलंडशी वेगळा करार केला त्यात पण दूध बाहेर ठेवलं. का? गावोगाव डेअरी आहे, रोज दोन वेळा माणसं एकत्र येतात, संघ आहे, संघाचा चेअरमन आहे. साखरेवर फेब्रुवारी २०१८ पासून १०० टक्के आयात ड्युटी आहे. कारण सांगायला पाहिजे का, आपल्या भागात कारखान्याचा चेअरमन आणि आमदार हे बऱ्याचदा एकच घर असतं. आणि सोयाबीन? मराठवाड्यातलं मुख्य पीक, पण त्याचा कारखाना शेतकऱ्याचा नाही, संघ नाही, दिवाळीच्या आधी-नंतर दोन महिन्यांत माल विकून सगळे मोकळे, आणि मग भाव चढला तर चिडायला पण हातात माल नसतो. करार करणारे अधिकारी टेबलावर बसतात तेव्हा त्यांच्याकडं प्रत्येक धंद्याची निवेदनं असतात, सोयापेंडीवर पोल्ट्रीचं असतं, रिफायनरीचं असतं. पिकवणाऱ्याचं मी तरी आजवर एक धड बघितलं नाही, मोर्च्याचे फोटो मात्र ढिगानं.

करारातून मराठवाड्याला काहीच फायदा नाही असं म्हणणाऱ्यातला मी नाही. वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्यांना ब्रिटन-युरोपात ड्युटी कमी झाली तर ऑर्डर येतील आणि तिथं काम करणारी पोरं आपलीच आहेत. वसमतची हळद, केसर आंबा, यांना जागा आहे. पण शेतमालाला ड्युटीपेक्षा जास्त अडवतात ते औषधाचे अवशेष आणि बुरशीचे नियम. ड्युटी शून्य झाली आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये अवशेष जास्त निघाले तर कंटेनर परत, भाडं तुमच्या बोकांडी. तेव्हा 'शून्य ड्युटी'ची बातमी वाचून कुणी हळद लावायला निघाला तर आधी फवारणीची वही ठेवतो का ते विचारा.

वाचायचं कसं ते सांगतो. करार झाला की वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर मजकूर येतो, हजार पानं बघून घाबरू नका, शेवटी शेड्युल असतं, त्यात कोड शोधायचे: सोयाबीन १२०१, सोयातेल १५०७, पामतेल १५११, सोयापेंड २३०४, डीडीजीएस २३०३ मध्ये, डाळी ०७१३, कापूस ५२०१. पुढं वगळलं असं असेल तर ठीक. टप्प्याटप्प्यानं असेल तर किती वर्षांत ते बघा. कोटा असेल तर किती टन, जसा ऑस्ट्रेलियाच्या करारात ५१ हजार टन कापूस बिनाड्युटी आहे, आपल्या पिकापुढं तो किरकोळच आहे, पण दरवेळी कोटा किरकोळ असेलच असं नाही. आणि लोंढा आला तर ड्युटी परत वाढवायची सोय, सेफगार्ड म्हणतात, ती कुठल्या अटीवर ते. बौद्धिक संपदेच्या प्रकरणात बियाण्याचं काही आहे का तेही बघा, कारण आज २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, देवाणघेवाण करायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क आहे आणि आपल्याकडं सोयाबीन बऱ्यापैकी घरच्या बियाण्यावर चालतं, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघायची आणि पेरायचं. परदेशी मंडळींचा जोर युपोव्ह १९९१ च्या, म्हणजे बियाण्याच्या वाणावर कंपनीचा हक्क राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय, नियमांवर असतो, ते आले तर हे सगळं आवळतं.

राहिलं विकू का ठेवू. हे तुमच्या गरजेवर आहे, माझ्या अंदाजावर नाही. हमीभाव केंद्रावर नोंदणी असेल आणि मॉइश्चर १२ च्या आत असेल तर हमीभाव (२०२५-२६ ला तो ५३२८ होता) सोडून बाजारात पडेल भावात देऊ नका, नंबर लागायला वेळ लागतो पण थांबा. केंद्र नसेल आणि कर्जाची तारीख असेल तर कर्जापुरता विका, बाकीचा गोदामात ठेवून पावतीवर उचल मिळते का बघा, व्याज किती पडतं ते आधी विचारा. आणि फोनवर रोज नुसता सोयाबीनचा भाव बघू नका, डीओसीचा बघत जा. तो दोन-तीन आठवडे सलग चढला तर ठेवलेल्या मालाला अर्थ आहे. तुरीत मी ठेवणार नाही, आयात खुली असेपर्यंत तर नाहीच.